बिसाहूच्या बोटीवरचं छत

मेश्रामकाकांच्या शोकसभेत आमच्या वार्डाच्या पार्षदानं, म्हणजे नगरसेवकानं, त्यांना वटवृक्ष म्हटलं. रायपूरला लागून असलेल्या आमच्या बीरगांवच्या विहारासमोर मंडप टाकला होता, पंखे लावले होते आणि पार्षद हात जोडून सांगत होता, "काका हम सबको छाया देते थे." लोक माना डोलावत होते. मी शेवटच्या रांगेत दातओठ खात बसले होते. वटवृक्ष एका जागी उभा असतो आणि आपल्या खाली कोण येऊन बसलं हे बघत नाही. काका बघायचे. सावलीत कोण बसलंय आणि उन्हात कोण राहिलंय, हे बघण्यातच त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यापायी ते अर्ध्या बीरगांवशी भांडले. या पार्षदाशीसुद्धा.

सभेत बिसाहूच्या बोटीचं नाव कुणी काढलं नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा कारखान्यांच्या गेटवर ती वाटायचे आणि उरलेली घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, छापील बाजू पुढे आपोआप पाठ झाली. मेश्रामकाका बाबांचे मित्र, गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत त्यांची सगळी नोकरी पत्रा ठोकण्यात गेली होती. त्यामुळे कानानं कमी ऐकायचे आणि आवाज मोठा. बाबा गेल्यावर पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. काका दारात उभे राहूनच ओरडायचे, "पोट्टी, लिही!" काय लिहायचं ते मागाहून सांगायचे.

कुठेही गेले की ते आधी वर पाहायचे. लग्नात, दवाखान्यात, बँकेत, लोकांच्या स्वयंपाकघरातसुद्धा. माणसाला नमस्कार नंतर. "वरतं काय आहे ते पहिले पाहा लागते," म्हणायचे. "खालतं फरशी चकचक करून ठेवते माणूस. त्याची नियत वरतं दिसते." त्यांच्या स्वतःच्या घराचं छत मात्र दर पावसात गळायचं. कमलकाकू पातेली मांडत सगळ्या गल्लीला ऐकवायच्या, "जगाले छत देऊन राहिला माहा नवरा! घरी आम्ही पातेल्यात पाणी झेलून राहिलो!" काका म्हणायचे, "तुले पातेलं तरी आहे."

स्वभावानं गोड नव्हते. नम्र तर अजिबात नाही. आपण केलेल्या कामासमोर कमरेवर हात ठेवून उभं राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तारीफ केल्याशिवाय त्याला सोडायचे नाहीत. चूक दाखवली की रुसायचे.

बीरगांवच्या चौकात सकाळी मजूर कामाची वाट बघत उभे राहतात. त्या जागेला चावडी म्हणतात. तिथे काकांनी निवृत्तीनंतर जुन्या पत्र्यांची शेड उभी केली. उन्हाळाभर मजूर तिच्याखाली बसले. पुढे एका सणाच्या निमित्तानं शेडवर पार्षदाचा हात जोडलेला फ्लेक्स लागला, मग खाली टेबल आलं, मग खुर्च्या, आणि एका दिवशी तिथे त्याचं जनसंपर्क कार्यालय होतं. मजूर पुन्हा रस्त्याच्या कडेला उन्हात. काका रोज सकाळी कार्यालयासमोर जाऊन मोठ्यानं विचारायचे, "काय पार्षदजी, थंडी हवा येत आहे ना?" पार्षद हसून म्हणायचा, "आइए काका, बैठिए." काका एकदाही बसले नाहीत. ज्यानं त्यांना वटवृक्ष म्हटलं तो हाच.

या चौकाच्या पलीकडे मासळी बाजार भरतो. तिथे फिरंतिन नावाची केवटीण, म्हणजे कोळीण, आठवड्यातून दोनदा मासे घेऊन यायची. शहरापासून लांब, दक्षिणेकडच्या एका धरणावर तिचा नवरा बिसाहू जाळं टाकायचा. मिळेल ते टोपलीत घालून ही पहिल्या बसनं बीरगांवला. काका तिचं ठरलेलं गिऱ्हाईक आणि ठरलेलं भांडण.

"काहून वो, उन्हात काहून बसली? तिकडे पिंपळाखाली जागा आहे ना."

"वहाँ फलवाले बैठथें, कका. अउ डोंगा मा तो एकर ले जादा घाम हे."

छत्तीसगढीत घाम म्हणजे ऊन. होडीवर याहून जास्त ऊन आहे, असं ती सांगत होती, आणि मासा साफ करता करता तिनं पुढचंही सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात जाळं ओढता ओढता बिसाहू बोटीत कोसळला होता. तिनं धरणाचं पाणी ओतून ओतून त्याला शुद्धीवर आणलं. तेव्हापासून थोडं ऊन लागलं तरी त्याचे हात थरथरतात.

"डॉक्टर कहिस, घाम मा झन जाबे," ती म्हणाली. उन्हात जायचं नाही. "त का पानी के भीतर जाबो?"

ती हसली. काका हसले नाहीत. त्यांनी वर बघितलं, तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं, आणि म्हणाले, "बोटीले छत लावू."

"डोंगा मा छानी?" बाजूच्या बायकांनाही हसू आवरेना.

"ताडपत्री नाही. ताडपत्री वाऱ्याची असते. पक्कं छत."

ताडपत्री बिसाहूनं आधी लावून बघितली होती. धरणावरच्या वाऱ्यानं ती फाडून नेली होती. बोट म्हणावी तर जुनी फायबरची, जागोजागी ठिगळं लावलेली, मागे छोटं डिझेल इंजिन. ती मासेमारांच्या समितीच्या मालकीची होती. पण इतकी मोडकळीला आलेली की समितीत कुणालाच ती नको होती. म्हणून ती बिसाहूची. तिथे सगळे तिला बिसाहूची बोटच म्हणायचे. बिसाहूला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नको होतं. छत झालं तर तो पाण्यावर राहणार होता. नाही झालं तर बीरगांवशेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात हमाली. हे सगळं काकांना त्या दिवशी मासा पिशवीत पडेपर्यंत कळलं होतं.

नव्या तयार छताची किंमत ऐकून काकांनी कानाला हात लावले. "एवढ्यात तर बोट येईन!" मग त्यांनी भंगारातून लोखंडी अँगल गोळा केले, जाड पत्रा आणला, आमच्या गल्लीत ठोकाठोक सुरू केली. गल्लीतल्या पोरांचे अभ्यास बुडाले. रिव्हेट मारून, कोपरे दुमडून त्यांनी जे छत बनवलं ते बघायला मी गेले तेव्हा ते कमरेवर हात ठेवून उभे होते.

"कसं आहे?"

"मजबूत आहे."

"मजबूत? यावर हत्ती उभा कर!"

हत्ती उभा करायची गरजच पडली नाही. टेम्पोतून ते धरणावर नेलं, बसवलं, आणि काका स्वतः पँट दुमडून बोटीत बसले. थोडं आत गेल्यावर बिसाहू जाळं ओढायला एका बाजूला वाकला. बोटही त्याच बाजूला वाकली, आणि बिसाहू सरळ झाला तरी ती सरळ होईना. वरचं ओझं तिला खाली खाली ओढत होतं. पाणी आत आलं, काका बाहेर गेले. पोहता येत नव्हतं. फिरंतिननं त्यांना कॉलर धरून आत ओढलं, ओल्या पोत्यासारखं टाकलं, आणि श्वास घेऊन म्हणाली, "कका, ये डोंगा आय. मालगाड़ी नो हे."

हेच झालं होतं. जन्मभर रुळावरच्या वॅगन बघितलेल्या माणसानं वॅगनच बनवली होती. वॅगनचं वजन रूळ पेलतात. पाण्याखाली रूळ नसतात, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

काका रुसले. घराबाहेर पडेनात. कमलकाकू म्हणाल्या, "तलावात मानूस बुडते, याचा गर्व बुडून राहिला." आणि एका सकाळी पुन्हा दारात आरोळी आली, "पोट्टी! हलकं पायजे, हलकं!"

उरल्यात कोल्ड स्टोरेजच्या खोल्यांसाठी भिंती बनवणारा एक कारखाना होता. दोन पातळ पत्रे आणि मधे फेस भरलेला, असे पॅनेल. कापून उरलेले तुकडे भंगारात जायचे. काकांनी ते आणले. एका बोटावर उचलून दाखवले. "वजन नाही अन् खालतं थंड. मासे थंड ठेवाची वस्तू आहे, मानूस काहून थंड राहणार नाही?" खांबांसाठी ॲल्युमिनियमचे जुने पाइप. पॅनेलच्या कडा पत्र्यानं दुमडून बंद केल्या, म्हणजे फेसात पाणी शिरणार नाही. छताची उंची बसलेल्या माणसाच्या डोक्यावर हातभर, त्याहून जास्त नाही. या वेळी त्यांनी बिसाहूला विचारून विचारून काम केलं. बिसाहू उभा राहून जाळं फेकायचा, म्हणून पुढचा भाग उघडा ठेवला. इंजिनाचा धूर कोंडू नये म्हणून मागचाही उघडा. मधे छत. तिथे बसून जाळं निवडायचं, मासे काढायचे, आणि मुख्य म्हणजे दुपारी तिथे बसायचं.

वेल्डिंगवाल्यानं म्हटलं, खांब एकदाचे पक्के जोडून टाकू. काका अडून बसले. "वेल्ड नाही. बोल्ट." बोटीच्या काठाला आतून लाकडी पट्टी देऊन, टायरच्या ट्यूबचे वायसर कापून त्यांनी बोल्ट कसले. "जे आपण बसवलं ते आपल्याले काढता आलं पायजे," म्हणाले. मला ते तेव्हा नुसतं एका हट्टी म्हाताऱ्याचं बोलणं वाटलं होतं.

या वेळी त्यांनी घाटावरच्या चार माणसांना बोटीच्या एकाच काठावर बसवलं. बोट कलली, थांबली, आणि ते उठताच सरळ झाली. काकांनी वर बघितलं. स्वतःच्याच छताकडे. मग कमरेवर हात ठेवले.

तो उन्हाळा बिसाहूनं पाण्यावर काढला. त्याचे हात थरथरले नाहीत. फिरंतिन बाजारात आली की काकांना मासा जास्त तोलून द्यायची आणि सगळ्यांना सांगायची, "हमर डोंगा मा एसी हे!" मी काकांना आनंदात पाहिलं ते तेवढंच. पुढे काय होणार हे चावडीच्या शेडनं आम्हाला शिकवायला हवं होतं.

मासेमारांच्या त्या समितीचा अध्यक्ष रायपुरातल्या शंकर नगरात राहतो. त्यानं कधी जाळं टाकलेलं नाही. धरणावर तो वर्षातून एकदा पाहुणे घेऊन येतो. त्या वर्षीही आला, नवा रायपुरातल्या कुणा साहेबांचं कुटुंब घेऊन. ऊन होतं. बाईंनी छत बघितलं, पोरं आत जाऊन बसली. अध्यक्ष वाकून आत शिरला, वर हात लावला, म्हणाला, "अरे बिसाहू, ये तो एकदम वीआईपी हो गई! इतनी ठंडी!" बिसाहू खूश झाला. खरंच खूश झाला. त्यानं त्यांना फिरवून आणलं.

पुढच्या रविवारी निरोप आला, पाहुणे येणार आहेत. त्याच्या पुढच्याही. मग बोटीत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या, घाटावर नौका विहाराची पाटी लागली, आणि अध्यक्षाला आठवलं की बोट समितीची आहे. ठिगळांची होती तेव्हा ती बिसाहूची होती. डोक्यावर छत आलं त्या दिवशी ती समितीची झाली. बिसाहूला सांगितलं, जाळं काढून ठेव, पर्यटकांना वास येतो. तू बोट चालव, पगार मिळेल. आणि त्याला नारिंगी जाकीट दिलं.

मी बघायला गेले. छताखाली पोरं चिप्स खात बसली होती. मागे इंजिनाशी, जिथे धुरासाठी उघडं ठेवलं होतं तिथे, भर उन्हात, जाकिटात घामाघूम बिसाहू. दांड्यावरचा त्याचा हात थरथरत होता.

काकांनी माझ्याकडून पत्रक लिहून घेतलं नाही. त्यांना आधी बोलायचं होतं. आम्ही शंकर नगरातल्या अध्यक्षाच्या ऑफिसात गेलो. काकांनी वर बघितलं. पीओपीचं नक्षीदार छत, त्यात लपवलेले दिवे. अध्यक्षानं चहा मागवला.

"काका, आप तो कलाकार हो. ऐसी चार छतें और बना दो. पूरा पेमेंट मिलेगा."

काका हिंदीत म्हणाले, "वो छत मैंने बिसाहू के सिर के लिए बनाई थी."

"तो बिसाहू ही तो चला रहा है ना? नौकरी मिल गई उसको." तो मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी त्यानं बिसाहूचं भलंच केलं होतं. मला या माणसांची चीड येते ती यामुळेच. लुटारू असते तर परवडलं असतं. लुटाऱ्याला आपण लुटतोय हे माहीत तरी असतं.

चहा तसाच ठेवून काका उठले. रस्त्यावर आले. मग म्हणाले, "पोट्टी, तुह्या बापाचा मोठा पाना घरी आहे का?"

रविवारी दिवसाढवळ्या गेलो. लपूनछपून करायचं त्यांना मान्य नव्हतं. घाटावर गर्दी होती. काका बोटीशी गेले आणि आत बसलेल्या कुटुंबाला अदबीनं म्हणाले, "उतरिए जी. काम चालू है." दुरुस्ती असेल असं वाटून ते उतरले. बिसाहू इंजिनाशी बसून होता. त्यानं काकांकडे पाहिलं, हातातल्या पान्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. काकांनीही विचारलं नाही.

छत बनवताना प्रत्येक खांबाची जागा त्याला विचारणारा माणूस, उतरवताना एक शब्द विचारत नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. मी संतापानं आणि अभिमानानं फुलून गेले होते. बोल्ट सहज सुटले. कुणी अडवेपर्यंत छत आमच्या डोक्यावर होतं, पुढचं टोक काकांच्या, मागचं माझ्या. धरणाच्या काठानं आम्ही ते केवटपाऱ्यात, केवटांच्या वस्तीत, बिसाहूच्या घरी नेलं. बघे बाजूला होऊन वाट देत होते. खरंच हलकं होतं. खाली थंड होतं.

फिरंतिन अंगणात आली. तिनं आधी छत बघितलं, मग काकांना.

"कका, हमन ला पूछे रहेस का?" आम्हाला विचारलं होतंस का.

काका म्हणाले, "तुमचंच तर आहे. तुमचं तुमाले आणून दिलं."

"डोंगा कहाँ हे?"

काकांनी मागे धरणाकडे पाहिलं.

"छानी के सेती डोंगा गिस," ती म्हणाली. छतापायी बोट गेली. "अब छानी के सेती नौकरी घलो गिस. ये ला मूड़ मा बाँध के रेंगँव का?" आता छतापायी नोकरीही गेली, हे डोक्याला बांधून हिंडू का मी?

तिनं शिवी दिली असती तर काका भांडले असते. भांडण त्यांना येत होतं. छत बाभळीला टेकवून आम्ही परतलो. आठवड्याच्या आत समितीनं बोटीवर विकतचं रंगीत छत बसवलं आणि दुसरा चालक ठेवला. काकांना चौकीवर बोलावलं, दिवसभर आवारात बसवून ठेवलं आणि म्हातारा आहे म्हणून समज देऊन सोडलं. बिसाहूवर पर्यटकांना उतरवल्याचा ठपका आला, जाळ्यासाठी दुसरी बोट मिळाली नाही.

तो आता उरल्यात आहे. ज्याची भीती होती तिथेच. भट्टीजवळ माल उतरवतो. उन्हात जाऊ नको म्हणणाऱ्या डॉक्टरचं म्हणणं तो पाळतो, कारण भट्टीवर पत्र्याची शेड आहे.

छत काढून आणणं मला आजही चूक वाटत नाही. पण भट्टीसमोर मी उभी नाही, बिसाहू उभा आहे, आणि त्याला ती चूकच वाटते. या दोन गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही. काकांनी तो घालायचा प्रयत्नही केला नाही. त्यांनी ठोकाठोक बंद केली. पत्रकाचा विषय काढला नाही. कमलकाकू एकदा हळूच म्हणाल्या, "ते छत पडून आहे तर आपल्या घरावर टाका ना, आणा." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पातेली मांडायला उठल्या.

पुढे मुलगी त्यांना गोंदियाला घेऊन गेली. तिथेच गेले. त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मासळी बाजारात. फिरंतिन आता बीरगांवातच राहते, ठोक बाजारातून मासे घेऊन विकते, बसते त्याच जुन्या जागी. मे महिन्यातली दुपार होती. काका आले, तिच्यासमोर उभे राहिले. त्यांनी वर बघितलं नाही. मासा मागितला नाही. नुसते सूर्याकडे पाठ करून, थोडे डावीकडे सरकून उभे राहिले. त्यांची सावली तिच्या डोक्यावर आणि अर्ध्या टोपलीवर पडली होती. तशीच पडावी म्हणून ते हलत नव्हते.

ती मासा कापत राहिली. मग चाकू न थांबवता म्हणाली, "कका, थोरकिन घुच. गाहक ला मछरी नइ दिखत हे." जरा सरक, गिऱ्हाइकाला मासे दिसत नाहीत.

काका बाजूला झाले.